क्लोरीनचं सासर

दहावीच्या मुलांना संयुगांची नावं शिकवायची माझी एक युक्ती होती आणि तिचा मला नको तेवढा गर्व होता. सोडिअम हा नवरदेव. त्याचं नाव आधी आणि आहे तसंच. क्लोरीन ही नवरी. सासरी आली की ताटातल्या तांदळात तिचं नवं नाव लिहायचं, क्लोराइड. झालं सोडिअम क्लोराइड, म्हणजे आपलं मीठ. सल्फरची सल्फाइड, ऑक्सिजनची ऑक्साइड, अशी कितीतरी लग्नं मी सोलापुरातल्या आमच्या घरी, शिकवणीच्या सतरंजीवर लावून दिली. मुलं हसायची, नावं पाठ व्हायची आणि मी स्वतःला फार थोर शिक्षिका समजायचे.

मग माझ्याच मुलीचं लग्न ठरायची वेळ आली. मुलगा तिनंच पसंत केलेला, तिच्याच ऑफिसातला. त्याची आई करमाळ्याहून त्याला घेऊन बोलणी करायला आली. कार्यालय, मानपान, सगळं जमत आलं होतं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "सुनंचं नाव काय ठिवायचं? आमच्यात तांदळात लिवत्यात."

"आहे तेच," मुलगी म्हणाली.

पोह्यांच्या बशा हातातच राहिल्या. मुलगा पंख्याकडे बघू लागला. लग्न मोडतंय की काय, असं मला वाटलं. अशा वेळी शहाण्या बाईनं गप्प बसावं. मी शिकवायला लागले. वातावरण जरा हलकं व्हावं म्हणून सोडिअमची अख्खी वरात काढली.

त्या एकदम खूश. "बगा! शास्त्रातबी त्येच हाय की! तुजी आईच सांगतीया."

मुलीनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मला स्वतःची लाज वाटली. माझी लाडकी युक्ती मी तिच्याच गळ्यात अडकवली होती.

"थांबा," मी म्हटलं. "ते परीक्षेपुरतं झालं. खरं म्हणजे सोडिअमही बदलतो. एकटा असतो तेव्हा रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो, पाण्यात पडला तर पेट घेतो. एक इलेक्ट्रॉन देऊन बसला की मिठात निमूट राहतो. बदलतात दोघंही. नाव तेवढं एकाचंच बदलतात."

माझा आवाज चांगलाच चढला होता. आता ही मंडळी उठून जाणार, असं वाटलं.

त्यांनी बशी खाली ठेवली. "तुमचं बदललं व्हतं का वो?"

"हो. मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

"माजंबी बदललं. म्हायेरच्या नावानं आता कोन हाक मारतंय तुमाला?"

"आई मारायची. ती गेल्यापासून कुणीच नाही."

"काय व्हतं नाव?"

मी सांगितलं. त्यांनी ते तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तुजं हाय तसं." मुलगा एवढ्या वेळानं पोहे खाऊ लागला. माझे डोळे भरून आले म्हणून चहा टाकायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले.

साखर कमी टाका, असं सांगायला त्यांनी बाहेरून हाक मारली, त्याच नावानं. आईनंतर त्या नावाला मी पहिल्यांदाच ओ दिली.