तिसऱ्या कपाची धास्ती

इथियोपियातल्या बिशोफ्तू गावात तळ्याकाठी भाड्याच्या खोल्या बदलता बदलता बसचालक अस्फावची तळ्याला प्रदक्षिणा पूर्ण होत आली होती. आता पुन्हा सामान उचलायची ताकद त्याच्यात नव्हती. म्हणून घरमालकीण बेलेतूमावशींनी अंगणात कॉफीला बोलावलं, की तो दोन कप पिऊन, बस खोळंबलीय म्हणत उठायचा. तिथं कॉफीची तीच पूड तीनदा उकळून तीन कप देतात, आणि खोली सोडायला सांगण्यासारखं अवघड बोलणं तिसऱ्या कपालाच निघतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक.

आज मात्र त्याचे पायच उचलेनात. तो भिंतीला टेकून बसून राहिला. मावशींनी तिसरा कप हातात दिला.

"का रे, आज बस खोळंबली नाही वाटतं?"

"दमलो, मावशी. बोला काय ते."

"लेकीचं लग्न ठरलंय. जावई इथंच राहणार. खोली लागेल रे." मावशींनी शालीनं कपाळ पुसलं. "एवढं सांगायला किती दिवस कॉफी भाजतेय. हात भरून आले माझे."

अस्फावनं कप रिकामा केला. मग तो पुढे धरला.

"उरलीय का थोडी?"

"नुसतं पाणी आहे आता."

"चालेल, ओता. आजच्या दिवस तरी कुठं जायचं नाही."