डगल्याचा धागा

फाटलेलं कापड हातात आलं की ती आधी ते बघायची नाही. डोळे मिटून भोकाच्या कडेवरून बोट फिरवायची. ठिणगीनं जळालेलं भोक वेगळं, खिळ्यात अडकून फाटलेलं वेगळं, कसरीनं खाल्लेलं वेगळं. बोटाला ओळख पटली की खिडकीपाशी बसायचं, भिंग डोळ्याला लावायचं आणि उभ्यात उभा, आडव्यात आडवा असा धागा भरत जायचं. लाँड्रीवाला तिच्याकडे लोकांचे कोट आणून टाकी. परत नेताना गिऱ्हाईक कोट उजेडात धरी, उलटासुलटा करी आणि विचारी, "भोक होतं कुठं?" लाँड्रीवाला तो प्रश्न जसाच्या तसा तिला येऊन सांगे. तेवढ्यावर तिचा आठवडा गोड जाई.

गल्लीत तिला रफूवाली म्हणत, घरात थोरली. वय पन्नाशीला टेकलेलं. आणि ही थोरली रोज संध्याकाळी भिंग डबीत ठेवून टीव्हीसमोर बसते आणि राक्षस मारते, हे सांगून कोणाला खरं वाटलं नसतं.

बारा वर्षांपूर्वी तिचा भाऊ दूरदेशी नोकरीला गेला, तेव्हा त्याचं खेळाचं यंत्र तिच्याकडे ठेवून गेला. धूळ बसू नये म्हणून एकदा चालू केलं, ते काही बंद झालं नाही. खेळाचं नाव काजळदरी. एका डोंगरी मुलखात एक एकटी वाटाडी असते. तिच्या अंगावर डगला, पाठीला धनुष्य, आणि समोर चेटकिणींनी, राक्षसांनी भरलेली दरी. थोरलीनं तिन्ही भाग खेळून संपवले होते, एकेक भाग चारचारदा. दरीतली पाऊलवाट न् पाऊलवाट तिच्या पायाखालची होती.

फक्त एक गोष्ट तिला कायम सलत आली. डगला जुना झाला की वाटाडी तो फेकून द्यायची आणि कुठल्यातरी पेटीतून नवा काढून घालायची. ज्या डगल्यानं नदी ओलांडली, बर्फ झेलला, तो असा चिंधीसारखा टाकायचा. आणि नवा भाग आला की पुन्हा उघड्या अंगानं सुरुवात.

दीड वर्षापूर्वी धाकटी जाऊ हा खेळ शिकली. शिकली म्हणजे, थोरलीनंच शिकवला. धाकटी खालच्या मजल्यावर राही. मशीनवर भरतकाम करी. शाळेच्या कोटांवर बोधचिन्हं, टोप्यांवर नावं, उशांवर मोर. तिचं काम दहा पावलांवरून दिसे आणि लोक तिथूनच म्हणत, "वा, काय हात आहे." थोरलीला हे ऐकायची सवय झाली होती. सवय झाली म्हणून दुखायचं थांबतं असं नाही.

सासूबाई दोघींना टीव्हीसमोर बघून म्हणत, "दरीतले राक्षस मारून झाले असले तर मोरीत एक झुरळ आहे. येतंय का कोणी?"

"आई, त्याला मारून काही बक्षीस मिळत नाही," धाकटी म्हणे. सासूबाई हसत. थोरली हेच बोलली असती तर हसल्या असत्या का, हा विचार थोरलीच्या मनात दर वेळी येई.

त्या वर्षी काजळदरी बनवणाऱ्यांनी जाहीर केलं: चौथा भाग येतो आहे. तुम्हाला त्यात काय हवं, ते आम्हाला लिहा. प्रत्येकानं एकच इच्छा लिहायची. आलेल्यांतून नऊ निवडू, आणि त्या नऊ जणांशी प्रत्यक्ष बोलू.

थोरलीकडे इच्छांची अख्खी वही होती. त्यातून एक निवडायला तिला आठ दिवस लागले. शेवटी लिहिलं, "वाटाडीचा जुना डगला तिसऱ्या भागातून चौथ्या भागात नेता यावा." पाठवलं आणि मनावरचं ओझं उतरलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी जिना चढून वर आली. "ताई, मी पण लिहिलंय. जरा नीट करून देता? मला चार ओळी लिहायच्या म्हणजे चार डोंगर."

तिनं लिहिलं होतं, "डगल्यांचे खूप रंग हवेत कारण डगला लवकर खराब होतो आणि मग तोच तोच."

थोरलीनं फोन हातात घेतला. वाक्याच्या मध्यावर तिला भोक दिसलं. डगला खराब होतो, बरं, मग पुढं काय? भोक दिसल्यावर ते न भरता पुढं जाणं तिच्या हाताला माहीतच नव्हतं. डोकं विचार करायच्या आत बोटं चालली. डगला जिथं तलवार लागेल तिथंच फाटावा. रात्रीच्या मुक्कामी शेकोटीपाशी बसून वाटाडीनं तो आपल्या हातानं दुरुस्त करावा. मग त्याला हवा तो रंग द्यावा. धाकटीचे शब्द तिनं दोन्ही बाजूंना तसेच ठेवले, तिची बोलायची ढब तशीच ठेवली, आणि मधला भाग असा विणला की शिवण कुठं लागली ते ब्रह्मदेवालाही कळू नये.

धाकटीनं वाचलं. "अय्या, मला अगदी हेच म्हणायचं होतं."

आणि तिला खरंच तसं वाटलं. त्यात तिची काही लबाडी नव्हती.

दोन महिन्यांनी निवड झाली. थोरलीची इच्छा नऊत नव्हती. धाकटीची होती.

बातमी घेऊन धाकटी पायऱ्या दोनदोन चढत आली. थोरली म्हणाली, "छान झालं," आणि सुई तिच्या अंगठ्यात गेली. पंचवीस वर्षांत सुई टोचली नव्हती. कोटावर रक्ताचा ठिपका पडला. तो धुवायच्या निमित्तानं ती मोरीत गेली आणि नळ सोडून बराच वेळ उभी राहिली. कानामागून आली आणि तिखट झाली. बारा वर्षं दरी कोणी तुडवली? हिला अजून चेटकिणीची गुहा नकाशा बघितल्याशिवाय सापडत नाही.

सांगायचं तरी काय आणि कोणाला? मधलं माझं आहे म्हणावं, तर दाखवणार कसं? तिच्याच हातानं खूण पुसली होती.

नवऱ्याला तिनं आडून विचारलं, "एखाद्याचं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं तर?"

तो जेवता जेवता म्हणाला, "तुझं सगळंच काम लाँड्रीवाल्याच्या नावावर जातं की. तेव्हा कुठं तुझं पोट दुखतं?"

यावर तिनं त्याला दुसऱ्यांदा वाढलं नाही.

सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, "आमची धाकटी डोक्यानं पहिल्यापासून तल्लख." भिंतीपलीकडून थोरलीला सगळं ऐकू येत होतं. ऐकू येऊ नये म्हणून ती उठून दुसरीकडे जाऊ शकली असती. गेली नाही. दुखरा दात जिभेनं पुन्हा पुन्हा चाचपावा तशी ती ऐकत बसली.

बोलणं शनिवारी दुपारी ठरलं होतं. धाकटीनं तिच्या खोलीत टेबलावर फोन उभा केला आणि समोर दोन खुर्च्या मांडल्या. "ताई, तुम्ही माझ्या शेजारी."

"नको. तुला बोलावलंय, तू बोल," म्हणत थोरलीनं दुसरी खुर्ची सरकवत सरकवत पार कपाटापर्यंत नेली. फोनमध्ये दिसणार नाही अशी. आयत्या पाटावर पाहुणी म्हणून बसायला ती काही आली नव्हती. मग आली कशाला होती, हे तिनं स्वतःला विचारलं नाही.

पडद्यावर एक दाढीवाला आला आणि वही घेतलेली एक तरुण बाई. धाकटी आधी अडखळली, मग सुटली. "मला हा खेळ माझ्या जाऊबाईंनी शिकवला. त्या इथंच आहेत."

"अरे वा, त्यांनाही बोलवा ना," दाढीवाला म्हणाला.

थोरलीनं कपाटाजवळूनच जोरात हात हलवला. नको.

मग कामाचं बोलणं सुरू झालं. बाईनं विचारलं, "ही डगला दुरुस्त करायची कल्पना आम्हाला फार आवडली. पण एक अडलंय. वाटाडी डोंगरात एकटी. दुरुस्तीला धागा आणणार कुठून?"

धाकटी थांबली. तिनं मान वळवून कपाटाकडे बघितलं.

थोरलीला उत्तर ठाऊक होतं. रफूचा धागा बाहेरून आणत नाहीत. बाहेरचा धागा कितीही जुळता घ्या, तो परकाच दिसतो. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून, पदराच्या कडेतून एकेक धागा उसवून काढायचा आणि भोकात भरायचा. म्हणजे वाटाडीचा डगला प्रत्येक घावागणिक बोटभर आखूड होत जाईल. नवख्या वाटाडीचा डगला घोट्यापर्यंत, आणि जिनं सगळी दरी पार केली तिचा गुडघ्यावर आलेला. बघताच समजेल की हिनं किती सोसलंय. हे सगळं चित्र थोरलीच्या डोळ्यांपुढं एका क्षणात उभं राहिलं, आणि ते इतकं सुंदर होतं की तिला ते धाकटीच्या खुर्चीत जाऊ द्यायचं नव्हतं.

ती खिडकीबाहेर बघू लागली.

"दुकानातून," धाकटी म्हणाली. "दरीत दुकानं आहेत ना, तिथून रीळ घ्यायचं. हवा तो रंग."

"सोपं आहे. जमेल," दाढीवाला खूश झाला. बाईनं वहीत लिहून घेतलं. दोन मिनिटांत बोलणं आटोपलं.

फोन ठेवून धाकटी वळली. "बरोबर सांगितलं ना मी?"

"बरोबर."

"मला वाटलं तुम्ही बोलाल. मी तुमच्याकडे बघितलं पण."

"माझं लक्ष नव्हतं."

"असू दे. एक गंमत सांगते. खेळाच्या शेवटी इच्छा देणाऱ्यांची नावं येणार आहेत. मी त्यांना कालच कळवलंय, माझ्या एकटीचं नको, दोघींची टाका. तुम्ही नीट करून दिलं नसतं तर माझं ते वाक्य कोण वाचणार होतं?"

थोरली उभी राहिली होती ती पुन्हा बसली. मनाचा मोठेपणाही हिच्याच वाट्याला यावा, याचा तिला हेवा वाटला. आणि मग दुसरी गोष्ट हळूहळू आत उतरली. रीळ. दुकानातलं रीळ. जगभरच्या वाटाड्या परक्या धाग्यानं डगले शिवणार, आणि खाली नाव रफूवालीचं.

"धागा दुकानातला नसतो," ती म्हणाली.

"म्हणजे?"

थोरलीनं स्वतःच्या पदराची कड उलटी केली, नखानं एक धागा उसवला आणि लांब ओढून काढला. मग डगला आखूड होत जाण्याचं सगळं सांगितलं. सांगताना तिचा आवाज चढला, हात हलू लागले. धाकटी तोंडाचा आ करून ऐकत होती. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला.

"हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"मी बघितलं तेव्हा?"

"हो."

मशीनवर अर्धी भरलेली एक टोपी पडली होती, ती धाकटीनं उगाच सरळ केली. मग फोन उचलून थोरलीच्या मांडीवर ठेवला.

"त्यांना लिहा. तुम्हीच लिहा, तुमच्या नावानं. मी नीट करून देणार नाही."

ती चहा टाकायला आत गेली. एक कप टाकला की दोन, ते बाहेरून कळत नव्हतं. थोरलीनं भिंगाशिवायच अक्षरं शोधायला सुरुवात केली. धाग्याचं सगळं तिला सरळ लिहिता आलं असतं. पण त्याआधी, मी तिथंच बसले होते आणि मुद्दाम गप्प राहिले, हे लिहिणं भाग होतं. ते वाक्य तिनं तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं, आणि चौथ्यांदा तसंच राहू दिलं.