वाटीतले बारा काजूगर

कारखान्यातून सुटल्यावर बोटांना टरफलाच्या तेलाचा वास यायचा. राखेने घासली तरी जायचा नाही. तशाच हातांनी मी टीचरकडे वही उघडायची. टीचर म्हणजे कट्टा गावच्या बाजारामागे राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या ख्रिस्ती बाई. आम्ही नांदेडकडचे. नवरा इथल्या चिरेखाणीवर, मी काजूबिया फोडायला. शाळा सातवीत सुटलेली. बाहेरून दहावीला बसले तर गणितात गेले. कारखान्यात वजनाच्या टेबलावर दहावी पास बाई हवी होती, आणि बिया फोडायच्या बाकावर माझी पाठ आता टिकत नव्हती. म्हणून पुन्हा बसले होते.

त्या संध्याकाळी संभाव्यता होती. माझे डोळे मिटायला आलेले. टीचरनी वाटीत काजूगर टाकले. सात अख्खे, तीन पाकळ्या म्हणजे उभे दुभंगलेले अर्धे गर, दोन तुकडे.

"न बघता एक उचल. अख्खो येवची संभाव्यता किती?"

"तिनात एक. अख्खा, पाकळी, तुकडा, तीनच तर प्रकार."

"म्हणजे तुझ्या हातान तिनातलो एकच गर अख्खो निघता? मगे मालक तुका कामार ठेवतलो कशाक गो?"

मला हसूही आलं आणि रडूही. गेल्या पेपरात हेच केलं होतं. पिशवीत तीन रंगांचे चेंडू दिसले की एक तृतीयांश लिहून मोकळी.

"प्रकार मोजू नको. गर मोज."

मोजले. बारातले सात. टीचरनी एक अख्खा उचलून तोंडात टाकला. "आता?"

"अकरातले सहा."

"खा तूय एक. दमलंस."

निघताना दारात मी म्हटलं, "टीचर, पास नाहीतर नापास, दोनच गोष्टी. म्हणजे अर्धी तरी आशा आहे ना?" रोज झोपताना मी मनाशी हेच घोकायची.

"परत तीच चूक! तू काय नाणा आसस?"

"मग किती?"

"ता माका म्हायत नाय. पन इतक्या दिवसांचो अभ्यास त्यात धर."

निकालाच्या दिवशी कारखान्यातून तशीच गेले. गणितात पास, काठावर. टीचरनी चष्मा लावून मोबाइलवरचे आकडे दोनदा वाचले, माझे काळे पडलेले हात हातात घेतले आणि विचारलं, "बारावी?"

मी खूप दमले होते. पायरीवर बसले आणि हो म्हटलं.