सरांची दुपारची हाक

जुन्या संगणकातून तापलेल्या धुळीचा वास आला की मला कंधारची ती दुपार आठवते. ज्या सरांनी मला घरी बसवून संगणक शिकवला, ते वारल्यावर त्यांच्या पत्नीनं, काकूंनी, मला सरांच्या जुन्या संगणकावर नवी विंडोज टाकायला बोलावलं होतं. मी पेनड्राइव्ह लावला, तेवढ्यात रिकाम्या खोलीत सरांचा आवाज आला, "अगं, गोळी घेतलीस का?" स्वयंपाकघरातून काकू शांतपणे म्हणाल्या, "घेतली हो, घेतली." मग दारात येऊन त्यांनी विचारलं, "रोज इचारतेत. नवं टाकल्यावर बोलतेल का रे?" काकूंच्या गोळीच्या वेळेला रोज वाजावा म्हणून सरांनी स्वतःचा आवाज भरून ठेवलेला तो जुना प्रोग्राम नव्या विंडोजवर चालेल, असं मला खात्रीनं सांगता येईना. मी पेनड्राइव्ह काढून खिशात घातला. आज माझ्याच संगणकावर अपग्रेड करायचं का अशी विचारणा आली, की बटण दाबण्याआधी मी क्षणभर कानोसा घेतो.