जेठांच्या मानेतली नस

माझे अक्षर वेडेवाकडे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमत नव्हते. पाचवी तर पाहिलीच नाही. हे कुणाला दाखवायचे नाही, तरी कुणाच्या हाती लागलेच तर आधीच माफी मागते. आता सांगते. समोर आलेल्या माणसाचा चेहरा न बघता आधी मान बघणारा माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात एकच असेल, आणि तो आमच्या घरात आहे. ते माझे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ.

आधी ते असे नव्हते. दम लागायला लागला, पाय सुजले, म्हणून मोठ्या दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना तिरप्या खाटेवर टेकवले, तोंड डावीकडे वळवायला लावले, मानेवर बॅटरीचा उजेड टाकला आणि छातीच्या हाडावर एक पट्टी उभी, तिला दुसरी आडवी लावून मानेतली नस कुठपर्यंत भरली आहे ते मोजले. हृदय थकले म्हणजे रक्त मागे तुंबते आणि ती नस वर चढते, असे त्या म्हणाल्या. मीठ बंद, पाणी मोजके, आणि नस फुगलेली दिसली तर लगेच या. जेठांना औषधापेक्षा ही मोजणीच आवडली. घरी येताना त्यांनी शाळेच्या दोन पट्ट्या घेतल्या. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा घातल्या. तेव्हापासून त्या खाटेवर बसलेला पाहुणा बोलता बोलता घसरत पायथ्याशी जातो, आणि जेठ तेवढ्यात त्याची मान बघून घेतात. चहाच्या टपरीवर कुणी दिसला की यांचे सुरू, "मान फिराव रे भो, उजेडकडे! तुन्ही नस खाले शे, तू जगशी." एका लग्नात त्यांनी नवरीच्या बापाला भर मांडवात आडवे व्हायला सांगितले. गावातली माणसे ऐन थंडीतही गळ्याला रुमाल बांधून आमच्या दारावरून जाऊ लागली. एकाने मुद्दाम चिडवले, "आण्णा, मन्ही म्हैसनी बी दखी ल्या." हे खरोखर गेले. परत येऊन खिन्नपणे म्हणाले, "म्हैसले तिरपं निजाडता नही येत."

पण स्वतःची मान स्वतःला दिसत नाही. आरशात बघावे तर मान वळते आणि डोळेही वळतात. जेठाणी जाऊन बरीच वर्षे झाली. आमच्या ह्यांनी दोन दिवस बघितले, पण ह्यांना पायापुढची चप्पल दिसत नाही, नस काय दिसणार! शिवाय मिरच्या वाळवायच्या पथारीवर त्यांना पहाटेच कामाला जावे लागते. राहिले मी. आता आमच्यात धाकट्या भावाची बायको जेठांपुढे डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नाही, त्यांच्या तोंडाकडे बघत नाही आणि त्यांच्याशी बोलत तर नाहीच. इतकी वर्षे एका घरात राहून मी त्यांचे फक्त पाय ओळखत होते. आणि आता रोज सकाळी मान बघायची!

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहायचे. पट्टी ते स्वतः धरायचे, मी पदराच्या कडेतून लांबूनच बघायचे. मानेत एक नाही, दोन ठिकाणी हलते, त्यातले खरे कुठले? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बोटाला ठोका लागतो ती धमनी, ती आपली नव्हे. पण जेठांना बोट कसे लावणार? मग बाईंनीच सांगितलेली दुसरी खूण आठवली, उठून बसले की नसेतले हलणे खाली उतरते. तेही तोंडाने कसे सांगायचे? मी मांजरीला सांगायचे, "मने, त्यासले सांग, उठी बसा." मांजर काही सांगायची नाही, पण ते उठून बसायचे.

एका सकाळी ते उठून बसले तरी हलणे खाली उतरेना. कानाच्या पाळीखालीच धडधडत होते. मी मांजरीला सांगणार, तेवढ्यात आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या, त्यांनी दंडाला प्रेशर मोजायचा पट्टा बांधला आणि प्रेशर फार कमी आहे, दवाखान्यात न्या म्हणाल्या. त्या गाडी बघायला गेल्या आणि चुलत सासूबाई लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. माझे डोके चालेना. मान म्हणते जास्त, दंड म्हणतो कमी. एकाच माणसात दोन प्रेशर कशी? खोटे कोण बोलते? "कमी शे ना, मंग मीठनं पानी पाज त्याले! इतलं बी समजत नही का तुले?" सासूबाई ओरडल्या. मीठ म्हटल्यावर जेठांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांनी मीठ! त्यांनी तांब्या तोंडाला लावला. त्यांना धड एक वाक्य बोलायला दम पुरत नव्हता.

मांजर कुठे आहे ते मी बघितलेच नाही. "नका पिऊ तुम्ही! नस कानपावत येल शे!" मीच ओरडले होते. तांब्या थांबला. सासूबाई तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. जेठ धापा टाकत म्हणाले, "हाई... बोलस का?" आणि तांब्या खाली ठेवला.

दवाखान्यात सुई देऊन अंगातले पाणी काढले. ते मिठाचे पाणी पाजले असते तर दम आणखी कोंडला असता, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दंडाचे प्रेशर म्हणजे हृदय पुढे किती ढकलते ते, मानेतले म्हणजे मागे किती तुंबले ते. दोन्ही खरी. मला नीट कळले नाही. जेठांना लगेच कळले. "मोटर कमजोर, चारीमा पानी नही, नि इहीर काठोकाठ भरेल. मंग मोटर बदली टाका ना!" बाई हसल्या, मग हळूच म्हणाल्या, "ती बदलता येत नाही, बाबा. आहे तीच सांभाळायची."

आता नस उतरली आहे. सासूबाई मला गावभर "बोलकी" म्हणतात. मी अजून पदर घेते, पण जवळ जाऊन बघते. त्यांच्या कानाखाली एक तीळ आहे, तो मला माहीतच नव्हता. जे दिसू नये तेच मी रोज शोधते, आणि नाही दिसले की सांगते, "नही दिसत." तेवढेच आमचे बोलणे. परवा त्यांनी पट्टी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "बरं, नही दिसत. आखो काही बोल ना व." इतक्या वर्षांचे बोलायचे राहिलेले, कुठून सुरू करावे मला सुचेना. मी तिथेच जमिनीवर टेकले. तेही घाई न करता वाट बघत बसले.