डावीकडच्या चाळीस खुर्च्या

नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर एकोणीस वर्षं काढलेली म्हणून सगळे तिला खिडकीताईच म्हणत. तिकिटं मोबाइलवर मिळायला लागली, खिडकी बंद झाली आणि तिला मागच्या खोलीत संगणकासमोर बसवलं. गाण्याचा वर्ग, नर्सांचा गट, ज्येष्ठांचा क्लब अशा मंडळांना सवलतीचे कोड द्यायचे आणि कुणाचा कोड किती वापरला गेला याचा तक्ता दर सोमवारी मॅनेजरांना द्यायचा, एवढंच काम. पण आकडे बघून बघून डोळे शिणायचे.

त्या सोमवारी कर्णबधिर मंडळाच्या कोडवर चाळीसच्या चाळीस खुर्च्या गेलेल्या दिसल्या. डावीकडच्या पहिल्या चार रांगा. खुणांच्या भाषेत नाटक सांगणारी बाई रंगमंचाच्या त्याच कोपऱ्यात उभी राहायची, म्हणून त्या राखलेल्या. मंडळात माणसं एकतीस. यादीत मात्र त्यांची नावं सहाच. उरलेल्या चौतिसांत तिच्या धाकट्या जावेचं नाव होतं.

मग तिला आठवलं. "ताई, दोनच तिकिटं हो," म्हणत जावेचा चौथ्यांदा फोन आला होता. पाठ ठणकत होती, समजावत बसायचं त्राण नव्हतं. समोरच्या कागदावरचा पहिला कोड, नेमका याच मंडळाचा, तिनं वाचून दाखवला आणि 'सुटले' म्हणाली. जावेनं तो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

दुपारी मंडळाचे सेक्रेटरी आले. पेशानं शिंपी. त्यांनी वहीत लिहिलं, 'पंचवीस जणांना तिकीट मिळत नाही. का?'

तिनं खाली लिहिलं, 'चूक माझी.' तेच जाऊन मॅनेजरांना सांगितलं.

"आता विकलेली तिकिटं परत कशी मागणार?" ते वैतागले.

"एकेकाला फोन करते. त्याच दरात मधल्या रांगा देऊ."

दोन दिवस तिनं चौतीस फोन केले. तेच वाक्य, तीच माफी. सतरा जण कबूल झाले, नऊ जणांनी फोन उचलला नाही, बाकीच्यांनी झाडलं. जाऊ म्हणाली, "घरच्यांनाच उठवता होय, ताई?"

"घरचीच म्हणून हक्कानं मागते गं."

"मग राहू दे. आम्ही बसलोय तिथेच बसणार." आणि फोन ठेवला.

म्हणजे आधीच्या सहा धरून तेवीस खुर्च्या हाती आल्या, आठ माणसं उरली. शिंपीकाकांनी बराच वेळ पेन्सिल चावली आणि लिहिलं, 'बघतो.'

नाटकाच्या दिवशी ती दाराशी स्टुलावर बसली होती. आठ जण बाहेरच्या बाकावर थांबलेले. मध्यंतरात मंडळातलेच आतले आठ उठून बाहेर आले आणि कथा कुठवर आली ते भराभरा हातांनी सांगू लागले. एक म्हातारा नायिकेचं रडणं असं काही करून दाखवत होता की बाकीचे हसून हसून वाकले. घंटेसोबत लागणारा दिवा लागताच थांबलेले आठ आत गेले. बाहेर आलेल्यांनी बाक धरला.

जाऊ दुसऱ्या रांगेत होती. जाता-येता तिनं ताईकडे पाहिलं नाही.

शिंपीकाका बाकावरून उठून आले, वही पुढे केली. 'पुढच्या वेळी कोड फक्त मलाच द्या.'

तिनं मान डोलावली. पाठ भिंतीला टेकवली आणि नाटक संपेपर्यंत तिथंच बसून राहिली.