कात्रजचा दक्षिण ध्रुव

ध्रुवप्रदेशाची जेवढी काळजी माझ्या थोरल्या मेहुण्यांनी कोथरूडच्या दुसऱ्या मजल्यावर बसून केली, तेवढी प्रत्यक्ष रशियानेही केली नसेल. वास्तविक या गृहस्थांचा आणि थंडीचा छत्तीसचा आकडा. कोजागिरीला कानटोपी चढायची ती होळीलाच उतरायची. पण उभा जन्म सरकारी कचेरीत नकाशे गिरवण्यात गेलेला, त्यामुळे निवृत्त झाल्यावर दादांनी थेट पृथ्वीच्या डोक्यावरच हात ठेवला. स्वतःच्या हाताने उत्तर ध्रुवाचा गोल नकाशा काढला आणि जेवणाच्या गोल टेबलावर काचेखाली बसवला. मधोमध ध्रुव, भोवती आठ देश आणि आठ खुर्च्या. भारत कुठे आहे, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "टेबलाखाली. पाय जपून ठेवा." आमटीचं पातेलं नेहमी बरोबर ध्रुवावर ठेवायचं असा नियम होता, कारण सगळ्यांचा डोळा तिथेच असतो.

ज्या खुर्चीवर बसाल तो तुमचा देश. दादा कॅनडा, माझी बायको नॉर्वे. मला कायम आइसलँड. "तुमच्याकडे सैन्य नाही, तेव्हा मुकाट्याने जेवा," हे मी त्या घराचा जावई असून ऐकत आलो. स्वयंपाकघराकडची अर्धी बाजू वहिनींची, म्हणून त्या रशिया. दादा घास हातात धरून सांगत, "बर्फ वितळतोय. खाली तेल आहे, वायू आहे, वरून जहाजांचा रस्ता मोकळा होतोय. आठांतले पाच एका लष्करी करारात. एकाला कोणी हात लावला की पाचही उठणार!" वहिनी पोळी वाढता वाढता म्हणत, "उठा की. उठताना आपापली ताटंही उचला." एवढ्यावर त्या दिवशीचं महायुद्ध टळायचं. दादांचं बोलणं मात्र थांबायचं नाही. बोलता बोलता त्यांचा आवाज मऊ होत जायचा, आणि पंख्याच्या वाऱ्यात, वरणभाताच्या वासात, आम्हाला खरोखरच दूर कुठेतरी हिमनग करकरत सुटल्याचं ऐकू यायचं. मी तर दोनदा आइसलँडमध्ये बसल्या बसल्या झोपलोय.

डेन्मार्कची खुर्ची तेवढी कायम रिकामी. तिथे कोणी बसायचं नाही, पाहुण्यांनीसुद्धा नाही. ती बाळची, म्हणजे दादांच्या धाकट्या भावाची. हा बाळ पासष्टीचा होता, सदाशिव पेठेत राहायचा, आणि दोघे भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण कात्रजच्या अलीकडचा चार गुंठ्यांचा तुकडा. सासऱ्यांनी एकाला सांगितलं, "जागा तुझी." दुसऱ्यालाही तेच सांगितलं. स्वभाव गोड होता त्यांचा, काय करणार! तिथे नुसती कुसळं होती तोवर कोणाला आठवण नव्हती. शेजारून रस्ता झाला आणि दोघांनाही वडिलांचा शब्द एकदम आठवला. मग वकील, तारखा, सगळं यथासांग. या सगळ्यात फरफट झाली माझ्या बायकोची. दर भाऊबीजेला ताट, निरांजन, सुपारी घेऊन एकदा पेठेत आणि एकदा कोथरूडला, कारण दोन पाट एका खोलीत मांडायची सोय उरली नव्हती. परत येताना स्कूटरवर मागे बसून ती रडायची आणि मी उगाच हॉर्न वाजवत राहायचो.

अशाच एका भाऊबीजेला पेठेतलं ओवाळणं आटोपून आम्ही कोथरूडला पोचलो, तर दादा पाटावर बसल्या बसल्या दक्षिण ध्रुवावर घसरले. "उत्तरेपेक्षा दक्षिणेची माणसं शहाणी. सात देशांनी हक्क सांगितलाय तिथे. करार केला. हक्क कोणी सोडायचा नाही, दुसऱ्याचा कोणी मानायचा नाही. भांडण तसंच गोठवून ठेवायचं. सैन्य नाही, खाणी नाहीत. फक्त सगळ्यांनी जायचं आणि हवामान मोजायचं." बायकोचा ओवाळता हात थांबला. "सात परके देश एवढं करतात, दादा," ती म्हणाली, "आणि तुम्ही दोघे सख्खे भाऊ. माझे पाय दुखतात रे आता दोन जिने चढून." दादांनी कानटोपी काढली, पुन्हा घातली. जेवताना उत्तर ध्रुवाचं नावही काढलं नाही. वहिनींनी माझ्याकडे घाबरून पाहिलं.

चौथ्या दिवशी त्यांनी मला एक गुंडाळी देऊन पेठेत पिटाळलं. आत शाईने रेखलेला चार गुंठ्यांचा नकाशा आणि खाली वळणदार अक्षरात कलमं. हक्क दोघांचेही कायम, मान्य कोणालाच नाहीत. वकील व मुलगे यांना प्रवेश नाही. बोअर घेणे नाही. दर रविवारी सकाळी उभय पक्षांनी तापमान मोजावे. बाळने ते दोनदा वाचलं आणि खास पेठी आवाजात विचारलं, "सीताफळाच्या झाडाचं काय? ते कलमात नाही." मी म्हटलं, "तुम्हीच विचारा." अकरा वर्षांनी त्या घरातून या घरात फोन गेला, तो सीताफळासाठी.

पुढे सहा वर्षं दोघे म्हातारे दर रविवारी त्या माळावर जात. झाडाला थर्मामीटर, दोघांच्या दोन वह्या. दादा बुटके, खालून बघत, म्हणून त्यांचा पारा बाळपेक्षा अर्धा अंश वर असायचा. "वितळतंय, मी सांगतो ना!" असं ते म्हणत, आणि बाळ म्हणे, "तुझी उंची वितळली." मग दोघे एका थर्मासमधला चहा पीत. फळं साळुंक्या खात. भाऊबीजेला दोन पाट शेजारी शेजारी, आणि डेन्मार्कमध्ये बाळ पोटभर जेवायचा.

गेल्या माघात दादा गेले. खटला आपसूक मिटला, असं नातेवाइकांत कोणीतरी म्हणालं. पुढच्या रविवारी बाळने मला स्कूटर काढायला लावली. माळावर गार वारा होता. त्याने पारा पाहिला, आपल्या वहीत मांडला. मग दुसरी वही काढली, दादांची. गुडघ्यावर हात टेकून तो हळूहळू वाकला, दादांच्या उंचीइतका खाली गेला, आणि तिथून पुन्हा एकदा पारा वाचला. दादांच्या वहीत अर्धा अंश जास्त लिहिला.

"तुमचीच आहे आता जागा," मी म्हटलं.

"कोण म्हणतं?" बाळ एकदम तडकला. "हक्क सोडलेला नाही त्याने."

मग त्याने थर्मासमधून दोन पेले भरले. दुसरा मला दिला नाही, दादांच्या वहीशेजारी ठेवला.